बारा तासांचं सिंगापूर, एकाच निळ्या लाइनवर

मुंबईहून रात्री अकरा-बाराच्या सुमारास सुटलेलं विमान साधारण साडेपाच तासांत सिंगापूरला उतरतं. घड्याळ अडीच तास पुढे जातं, म्हणजे चांगी विमानतळावर सकाळचे सात-आठ वाजलेले असतात. सिडनी, मेलबर्न किंवा ऑकलंडचं पुढचं विमान संध्याकाळचं किंवा रात्रीचं असेल, तर मधे दहा ते सोळा तास मोकळे मिळतात. एवढा वेळ विमानतळावरच्या खुर्चीत काढू नये, असं माझं ठाम मत आहे. पण "सिंगापूर बघून येऊ" म्हणून दहा ठिकाणांची यादी घेऊन बाहेर पडणंही चूक. एकट्या माणसाने एका दिवसासाठी मेट्रोची एकच लाइन धरावी आणि तिच्यावरच उतरत-चढत राहावं. ती लाइन कोणती, हे पुढे येईलच. आधी बाहेर पडता येतंय का ते बघू.

भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला व्हिसा लागतो. पण तुम्ही तिसऱ्या देशात जात असाल किंवा तिथून परतत असाल, तर ९६ तासांची व्हिसामुक्त ट्रान्झिट सवलत आहे. त्यासाठी ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जर्मनी, जपान, न्यूझीलंड, स्वित्झर्लंड, ब्रिटन किंवा अमेरिका यांपैकी एखाद्या देशाचा व्हिसा किंवा दीर्घ मुदतीचा परवाना हवा, आणि तो सिंगापुरात शिरल्यापासून किमान एक महिना वैध हवा. शिवाय ९६ तासांच्या आत बाहेर पडण्याचं पक्कं तिकीट हवं. मुंबई-सिंगापूर-मुंबई हा प्रवास यात बसत नाही, कारण त्यात तिसरा देशच नाही. प्रवेश द्यायचा की नाही हे शेवटी काउंटरवरचा अधिकारी ठरवतो. म्हणून निघण्याच्या आठवड्यात सिंगापूरच्या इमिग्रेशन खात्याच्या, म्हणजे आयसीएच्या, संकेतस्थळावरचा नियम स्वतः वाचावा. हा आधार नसेल तर अधिकृत एजंटमार्फत रीतसर व्हिसा काढायचा.

व्हिसा असो वा सवलत, एसजी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावंच लागतं. ते पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं आणि ते पूर्ण मोफत आहे. शोधताना पैसे मागणारी साइट उघडली, तर ती सरकारी नाही एवढं समजावं.

सामानाचा घोळ इथेच होतो. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असतील, तर मुंबईत चेक-इन करताना बॅगेचा टॅग बघून घ्या, त्यावर शेवटच्या शहराचा कोड हवा. दोन वेगळी तिकिटं असतील तर बॅग सिंगापुरात पट्ट्यावर येते, ती घ्यायला इमिग्रेशन ओलांडावं लागतं आणि त्यासाठी वरची पात्रता लागते. ही पात्रता नसताना स्वस्त म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली, तर बहुधा मुंबईच्या काउंटरवरच अडवलं जाल. हातातलं सामान जड असेल तर विमानतळावर पैसे देऊन ठेवता येतं. ते जरूर ठेवा. एकटं असताना बॅग बघायला कुणी नसतं, आणि चाकांची बॅग घेऊन स्वच्छतागृहात, देवळात किंवा खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये फिरणं म्हणजे शिक्षा आहे.

हातातल्या पिशवीत काय नको, हे आपल्या लोकांनी नीट वाचावं. गुटखा, खैनी, जर्दा यांना सिंगापुरात बंदी आहे, ई-सिगारेटलाही आहे. सिगारेटवर करमाफीची सवलत नाही, एक पाकीट असलं तरी ते जाहीर करावं लागतं. च्युइंगगम १९९२ पासून बंद आहे. खसखसही तिथे अमली पदार्थांच्या कायद्याच्या कक्षेत येते, हे अनेकांना माहीत नसतं. दिवाळीत ऑस्ट्रेलियातल्या मुलीसाठी अनारसे नेणाऱ्या आईने ते चेक-इन बॅगेत थेट शेवटच्या शहरापर्यंत पाठवले तरी त्या देशाचे नियम आहेतच, आणि हातात घेऊन सिंगापुरात उतरणं तर टाळावंच.

आता वेळेचा हिशेब. तिकिटावरचे बारा तास म्हणजे शहरातले बारा तास नव्हेत. विमान टेकल्यापासून बाहेर पडेपर्यंत एक तास धरा. शहरात पोचायला पाऊण ते एक तास आणि परत यायला तेवढाच. पुढच्या विमानाच्या दोन तास आधी विमानतळावर असायला हवं. म्हणजे पाच तास असेच जातात आणि बारातले सात उरतात. आठ तासांचा थांबा असेल तर तीनच तास हाती लागतात, त्यात एक ठिकाण आणि एक जेवण एवढंच होतं. सहा तासांत स्वतःहून बाहेर पडू नये. त्यापेक्षा चांगीची मोफत सिंगापूर टूर घ्यावी. ट्रान्झिट किमान साडेपाच तासांची आणि चोवीस तासांच्या आतली असेल तर ती मिळते, बसने साधारण अडीच तास फिरवून आणतात. बाहेर पडण्याची पात्रता मात्र तिलाही लागते.

पात्रताच नसेल, तर ज्युएल बघता येईल या आशेवर राहू नका. २०१९ साली उघडलेली ती काचेची इमारत इमिग्रेशनच्या बाहेर आहे. तिच्यातला ४० मीटर उंचीचा धबधबा टर्मिनल २ आणि ३ मधल्या स्कायट्रेनच्या खिडकीतून काही क्षण दिसतो, तेवढ्यावर समाधान. आत राहणाऱ्यांसाठी टर्मिनल ३ मधली फुलपाखरांची बाग चांगली आहे.

तर ती लाइन. विमानतळाचं एमआरटी, म्हणजे मेट्रोचं, स्टेशन टर्मिनल २ आणि ३ च्या खाली आहे. गाडीत बसून पहिल्याच स्टेशनवर, एक्स्पोला, उतरायचं. बहुतेक लोक आणखी एक स्टेशन पुढे तानाह मेराहला जाऊन हिरव्या लाइनची गाडी पकडतात. घाईत सिटी हॉलला जायचं असेल तर तेही बरोबर आहे. पण एक्स्पोला निळी डाउनटाउन लाइन मिळते, आणि ही लाइन शहराच्या मध्यात पोचल्यावर स्वतःभोवती वळसा घेते. त्या वळणावर चायनाटाउन, तेलोक आयेर, डाउनटाउन, बेफ्रंट, प्रॉमेनाड, बुगिस, रोचोर आणि लिटल इंडिया ही स्टेशनं ओळीने येतात. एका दिवसात जे बघावं त्यातलं जवळजवळ सगळं या आठ स्टेशनांच्या दहा-पंधरा मिनिटांच्या पायी टप्प्यात आहे. कुठे उतरलात, कुठे चुकलात, तरी परतीची गाडी त्याच लाइनवर एक्स्पोला आणून सोडते. जाताना बुकित पांजांगच्या दिशेची गाडी घ्यायची, येताना उलट दिशेची. एकट्या माणसाला याचा फायदा असा, की सतत नकाशात डोकं घालावं लागत नाही.

बऱ्याच स्टेशनांची आणि रस्त्यांची नावं मलय भाषेतली आहेत आणि ती समजली की शहर थोडं आपलं वाटतं. तानाह मेराह म्हणजे लाल माती, कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. बुकित म्हणजे टेकडी, काम्पोंग म्हणजे गाव. लिटल इंडियातल्या केरबाऊ रोडचा अर्थ म्हशींचा रस्ता, कारण तिथे एकेकाळी गुराढोरांचा व्यापार चाले.

तिकीट काढायची गरज नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कॉन्टॅक्टलेस कार्ड गेटवर टेकवलं की आत, उतरल्यावर तेच टेकवलं की बाहेर. विमानतळ ते शहर भाडं दोन-सव्वादोन सिंगापूर डॉलरच्या आसपास, आणि परदेशी कार्डाला दिवसाला थोडं वरचं शुल्क. अडचण येते ती आपल्या कार्डांची. भारतीय बँकांच्या कार्डांवर परदेशातला वापर आणि कॉन्टॅक्टलेस या दोन्ही सोयी वेगवेगळ्या चालू कराव्या लागतात. एकच चालू असेल तर गेट लाल दिवा दाखवतं. हे काम घरूनच बँकेच्या ॲपमध्ये करून ठेवा. तिथे पोचल्यावर करायला गेलात आणि सिमचं रोमिंग सुरू नसेल, तर ओटीपी येणार नाही. दुसरी चूक म्हणजे जाताना फोन टेकवायचा आणि येताना प्लास्टिकचं कार्ड. खातं एकच असलं तरी यंत्राला ती दोन वेगळी कार्डं दिसतात आणि भाडं जास्त कापलं जातं. बसमध्ये उतरतानाही कार्ड टेकवायचं असतं, ते विसरलात तरी तसंच होतं. सोबत वीस-तीस डॉलर रोख ठेवा, हॉकर सेंटरमधल्या बऱ्याच टपऱ्यांवर परदेशी कार्ड चालत नाही.

सकाळी साडेआठला विमानतळाबाहेर पडलात तर साडेनऊच्या सुमारास चायनाटाउनला पोचता. सुरुवात इथूनच करावी, कारण अकरानंतर इथल्या उन्हात फिरणं नको होतं. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम सव्वा अंश वर आहे. हवा मुंबईच्या मे महिन्यासारखी दमट आणि ती बारा महिने तशीच. दुकानांच्या ओळींसमोर छपराखालून जाणारी जी पायवाट दिसते, तिला पाच फुटी वाट म्हणतात. इथे ब्रिटिश वसाहत वसवणाऱ्या रॅफल्सने १८२२ मध्ये शहराची आखणी करताना अशा वाटा ठेवायला लावल्या. ऊन असो वा पाऊस, रस्त्याच्या कडेने न चालता या वाटेने चाला.

साउथ ब्रिज रोडवरचं श्री मारिअम्मन मंदिर १८२७ सालचं, सिंगापुरातलं सर्वांत जुनं हिंदू मंदिर. चिनी वस्तीच्या मधोमध तमिळ गोपुर बघून गोंधळायला होतं, पण शहर असंच घडलं आहे. त्याच रस्त्यावर बुद्धाच्या दाताचं मंदिर आहे, ते २००७ सालचं. तिथून दहा मिनिटांवर तेलोक आयेर स्ट्रीटवर थियान हॉक केंग हे चिनी खलाशांचं देऊळ. आज ते समुद्रापासून लांब आहे, पण हा रस्ता पूर्वी किनारा होता. भर घालून समुद्र मागे ढकलला, देऊळ जागेवरच राहिलं. एवढी तीन देवळं आणि त्यांच्या मधल्या गल्ल्या यांत दीड-दोन तास सहज जातात.

खाण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण शाकाहारी मराठी माणूस इथे विनाकारण बिस्किटांवर दिवस काढतो. हॉकर सेंटर म्हणजे एका छपराखाली अनेक टपऱ्या आणि मधे सामायिक टेबलं. २०२० साली युनेस्कोने या संस्कृतीची दखल घेतली. चायनाटाउन कॉम्प्लेक्स हे त्यातलं सर्वांत मोठं. एकट्याची अडचण ही, की जेवण आणायला गेलं तर जागा जाते आणि जागा धरून बसलं तर जेवण येत नाही. तिथले लोक टेबलावर टिश्यूपेपरचं छोटं पाकीट ठेवून जातात, त्याला ते 'चोप' म्हणतात. तुम्हीही ठेवा. आणि दुसऱ्याचं पाकीट दिसलं तर ती जागा घेतलेली आहे असं समजा. पाकीटच ठेवायचं, फोन किंवा पासपोर्टची पिशवी नाही. जेवण झाल्यावर ट्रे उचलून ठेवण्याच्या जागी नेऊन द्यावा लागतो. २०२१ पासून ते सक्तीचं आहे आणि पुन्हा पुन्हा न पाळल्यास दंड होतो.

'व्हेजिटेबल' लिहिलेली डिश शाकाहारी असेलच असं नाही. भाजीत सुक्या कोळंबीची चटणी, म्हणजे बलाचान, असते. नूडल्सवर डुकराची चरबी घालतात. भाताच्या बाजूची सांबल नावाची मिरचीची चटणीही बहुधा कोळंबीचीच. त्यामुळे चिनी टपरीवर 'नो मीट' म्हणून भागत नाही. ज्या टपऱ्यांवर चिनी लिपीत 'सू' हे अक्षर मोठं लिहिलेलं असतं, त्या बौद्ध पद्धतीच्या पूर्ण शाकाहारी, बहुधा कांदा-लसूणही नसणाऱ्या. तिथे मांसासारखं दिसणारं जे असतं ते सोया किंवा गव्हाचं असतं, बिचकू नका. वॉटरलू स्ट्रीटजवळच्या फॉर्च्युन सेंटर या जुन्या इमारतीत अशा खानावळी एकाशेजारी एक आहेत. रोचोर, बुगिस किंवा बेनकूलेन यांपैकी कुठूनही चालत जाता येतं. बेनकूलेनला उतरलात तर वर यायला वेळ लागतो, ४३ मीटर खोल असलेलं ते सर्वांत खोल स्टेशन आहे.

फॉर्च्युन सेंटरपासून चार पावलांवर एक दृश्य आहे ते चुकवू नये. क्वान यिन या चिनी देवीचं देऊळ आणि श्रीकृष्णाचं मंदिर शेजारी शेजारी आहेत. देवीला आलेले चिनी भाविक बाहेर पडले की कृष्णाच्या दारातही उदबत्ती लावून नमस्कार करतात. पर्यटकांची गर्दी इथे कमी असते. सिंगापूर म्हणजे नुसते मॉल असं म्हणणाऱ्याने इथे पाच मिनिटं उभं राहावं.

आपलंच जेवण हवं असेल तर लिटल इंडिया. सेरंगून रोडवरचं कोमला विलास १९४७ पासूनचं आणि शाकाहारी. टेक्का सेंटरच्या तळमजल्यावर डोसे, अप्पम, प्राटा, बिर्याणी. प्राटा म्हणजे आपल्याकडचा मलबारी परोटा जरा कुरकुरीत केलेला. कॉफी मागताना 'कोपी' म्हणा, पण नुसत्या कोपीत आटवलेलं गोड दूध असतं. 'कोपी-ओ' म्हणजे दुधाविना, 'सिउ दाय' म्हणजे साखर कमी, 'कोसोंग' म्हणजे साखरच नको. पार्सल हवं तर 'ताबाओ'. टपरीवरच्या वयस्क बाईला आंटी आणि पुरुषाला अंकल म्हणायची तिथे रीतच आहे, आपल्या काका-मावशीसारखी. हॉटेलच्या मेनूवर किमतीपुढे अधिकची दोन चिन्हं असतील तर १० टक्के सेवाशुल्क आणि ९ टक्के जीएसटी वर लागणार. हॉकरमध्ये लिहिलेलीच किंमत. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, रिकामी बाटली बरोबर ठेवा.

दुपारी बारा ते चार थंड जागेत काढावेत. कलेची आवड असेल तर नॅशनल गॅलरी. जुनं सर्वोच्च न्यायालय आणि सिटी हॉल जोडून ती २०१५ साली उघडली. तिच्यासमोरचं पाडांग हे मैदान भारतीयांनी बघायलाच हवं. ५ जुलै १९४३ रोजी सुभाषबाबूंनी आझाद हिंद सेनेची पाहणी इथेच केली. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला आझाद हिंद सरकारची घोषणा याच शहरातल्या कॅथे इमारतीत झाली. मैदानापलीकडच्या एस्प्लनेड पार्कमध्ये सेनेच्या स्मारकाची खूण आहे. मूळ स्मारकाची कोनशिला नेताजींनी जुलै १९४५ मध्ये बसवली होती. ब्रिटिश परत येताच त्यांनी ते स्मारक पाडलं. आजचा फलक १९९५ सालचा. तो छोटा आहे आणि झाडीत पटकन दिसत नाही, थोडं शोधावं लागतं. बुगिसजवळच्या काम्पोंग ग्लाममधली सुलतान मशीद उन्हं उतरताना छान दिसते. तिच्या सोनेरी घुमटाखालचा काळा पट्टा नीट बघा. तो काचेच्या बाटल्यांच्या बुडांचा आहे. गरीब मुसलमानांनाही बांधकामाला हातभार लावता यावा म्हणून त्या त्यांच्याकडून गोळा केल्या होत्या.

संध्याकाळ बेफ्रंटची. सूर्य वर्षभर सातच्या आसपास मावळतो. स्टेशनमधून भुयारी वाटेने गार्डन्स बाय द बेमध्ये निघता येतं. तिथल्या सुपरट्रीजचा, म्हणजे झाडांच्या आकाराच्या उंच मनोऱ्यांचा, प्रकाश-संगीताचा कार्यक्रम पावणेआठ आणि पावणेनऊला, मोफत. झाडांखाली जमिनीवर आडवं होऊन बघायची पद्धत आहे. वीज कडाडायला लागली तर कार्यक्रम रद्द होतो. त्याआधी तास असेल तर मरीना बराजवर जा. २००८ सालचा हा बांध समुद्राला बाहेर ठेवतो, त्यामुळे समोर दिसणारी खाडी खारी नाही, शहराला पिण्याचं पाणी देणारा तलाव आहे. त्याच्या हिरवळीच्या गच्चीवर लोक पतंग उडवतात. फोटोपुरता मर्लायन बघणाऱ्यांना हे माहीत नसतं, आणि माझ्या मते या शहराचा स्वभाव त्या सिंहमाशापेक्षा या बांधावर जास्त कळतो.

पुढचं विमान संध्याकाळचं असेल तर हा रोषणाईचा भाग सोडून द्या आणि साडेचारला परतीची गाडी धरा. पावणेआठचा कार्यक्रम बघायचा तर पुढचं विमान किमान रात्री साडेअकराचं हवं. परतीला रात्री अकरानंतर मेट्रोवर विसंबू नका. टॅक्सीला मध्यरात्री बारा ते सकाळी सहा पन्नास टक्के जादा पडतात. टॅक्सीचं ॲप आणि त्यातलं कार्ड घरीच जोडून ठेवा, कारण तिथेही ओटीपीचीच अडचण.

एकट्या बाईने रात्री फिरायला हे शहर आशियातल्या सर्वांत सोप्या शहरांपैकी आहे. तरीही पुढच्या तिकिटाचा आणि पासपोर्टचा फोटो घरच्यांना पाठवून ठेवा. पोलीस ९९९, रुग्णवाहिका ९९५. आपली गोल पिनांची प्लग तिथे बसत नाही, तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर लागतो. फोन संपला की नकाशा, तिकीट आणि कदाचित पैसेही संपतात, म्हणून पॉवरबँक हातातल्या पिशवीतच. मेट्रोत खाणं-पिणं बंद आहे, पाण्याचा घोटसुद्धा नाही, दंड ५०० डॉलरपर्यंत. सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहायचं.

विमानतळावर आल्यावर एक गोष्ट लक्षात ठेवा. टर्मिनल १, २ आणि ३ मध्ये सुरक्षा तपासणी सुरुवातीला नसून प्रत्येक गेटच्या तोंडाशी असते. दुकानं बघत शेवटच्या क्षणी गेटवर गेलात तर तिथे रांग लागलेली असते. आत विकत घेतलेली पाण्याची बाटलीही तिथे रिकामी करावी लागते. ती रिकामी करूनच रांगेत उभं राहा.